अकरा मिनिटांची रुजवात

मंगळवारी सकाळी साडेनऊला कोपऱ्यावरची विजेची डीपी उडाली आणि गल्लीतल्या सतरा घरांपैकी पाच घरांचे डबे गेले. बाकीच्या बारा घरांनी शेजाऱ्यांकडे जाऊन हळहळ व्यक्त केली आणि घरी येऊन आपापल्या डब्यावरून एकदा हात फिरवला.

डबा म्हणजे घरचा संगणक. घरातला आवाज आणि घरातलं चित्र घराबाहेर साठवायचं नाही, असा कायदा झाल्यापासून प्रत्येक घरात फ्रिजशेजारी बुटांच्या खोक्याएवढा एक राखाडी डबा आला होता. विजेची बिलं, दवाखान्याचे कागद, फोटो, निरोप, सगळं त्याच्या पोटात. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण सांगलीत ते कुणी उच्चारलं नाही.

शैलजा कुंभोजकरांनी मेकॅनिक बोलावला नाही. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, शेवटची नऊ वर्षं विभागप्रमुख म्हणून. आपलं काम दुसऱ्याने केलं की चुकतं, ही त्यांची श्रद्धा नव्हती, नोंद होती. त्यांनी चष्मा लावला, डब्याचं मागचं बटण दहा आकडे मोजून दाबून धरलं आणि पडद्यावर दुरुस्तीची पाटी आली.

तीन पर्याय होते. पहिला, आहे तसा सुरू करून पाहा. डबा घरघरला आणि गप्प झाला. दुसरा, मागच्या एखाद्या चांगल्या दिवसाकडे परत जा. पण ते चांगले दिवस ज्या भागात साठवले होते तोच भाग जळाला होता. उरला तिसरा: शिल्लक आहे त्यातून पुन्हा बांधा.

या तिसऱ्या पर्यायाचं त्या वर्षी फार कौतुक चाललं होतं. पूर्वीचे संगणक मोडलेली फाइल मोडकीच परत द्यायचे. हा डबा तसं करत नसे. घरात वर्षानुवर्षं राहून त्याला घरातली माणसं पाठ झालेली असत: कोण कसं बोलतं, कुठे थांबतं, रागावल्यावर वाक्य कुठून सुरू करतं. जुन्या पोथीतलं झिजलेलं अक्षर मागच्यापुढच्या अक्षरांवरून लावून घ्यावं, तसा तो गेलेला भाग घरच्याच माणसांच्या सवयींवरून भरून काढी. जोड कळत नसे.

‘काही मजकूर अंदाजाने भरला जाईल. सात दिवसांत हरकत न घेतल्यास भरलेला मजकूर कायम होईल व मूळ अवशेष पुसले जातील,’ अशी सूचना आली. चौतीस वर्षं प्रत्येक कागदाची तळटीप वाचणाऱ्या बाईंनी ती सूचना न वाचता ‘मान्य’ दाबलं. गॅसवर आमटी होती.

दुपारी डबा उठला. शैलजाबाईंनी एकेक कप्पा उघडून पाहिला. बिलं होती, केतकीच्या लहानपणाचे फोटो होते. आणि निरोपांच्या कप्प्यात, पूर्वी त्यांना कधी न दिसलेली एक रांग होती. ‘केतकीसाठी. न पाठवलेले. ८४.’ सगळे अच्युतरावांच्या नावावर.

अच्युतराव म्हणजे शैलजाबाईंचे यजमान. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी आंघोळीहून येऊन खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. त्याआधीची चार वर्षं त्यांच्या मुलीने, केतकीने, त्यांच्याशी एका शब्दाचंही बोलणं ठेवलं नव्हतं.

कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि गल्लीत कुणी त्याबद्दल बोलत नसे. केतकी ज्या शाळेत शिकवायची, तिथेच अच्युतराव मुख्य लिपिक होते. दहावीच्या अंतर्गत गुणांच्या रजिस्टरात कुणीतरी आकडे बदलले. केतकीने ते पकडलं, तक्रार केली, आणि संस्थेने आकडे तिनेच बदलले असं ठरवून तिची चौकशी लावली. मूळ रजिस्टर अच्युतरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. चौकशी समितीपुढे त्यांना विचारलं गेलं. ते बसून राहिले. सगळे वाट पाहत होते, केतकी समोर उभी होती, आणि ते टेबलाच्या कडेकडे बघत बसून राहिले. समितीने लिहिलं, ‘साक्षीदारास काही सांगावयाचे नाही.’ केतकीची नोकरी गेली. ती नाशिकला गेली, तिथेच तन्मयशी लग्न केलं, आणि वडील गेल्यावर दहाव्याला येऊन संध्याकाळच्या गाडीने परतली.

शैलजाबाईंनी रांगेतला सर्वांत शेवटचा निरोप लावला. अकरा मिनिटांचा.

“केतकी,” अच्युतरावांचा आवाज आला. तोच, किंचित घोगरा, वाक्याआधी श्वास घेणारा. “मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. रजिस्टर मी पाहिलं होतं. दोन वर्षं नोकरी राहिली होती माझी, त्या दोन वर्षांना घाबरलो. माझ्या हाताने मी पोरीला एकटं पाडलं…”

शैलजाबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या. निरोप संपेपर्यंत उठल्या नाहीत. संपल्यावर डोळे पुसले, आणि पहिलं काम काय केलं, तर तो निरोप जसाच्या तसा नाशिकला पाठवून दिला.

नक्कल विभागात याला शिक्षा होती. रुजवात घेतल्याशिवाय, म्हणजे एकाने मूळ वाचायचं आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडायचं, हे झाल्याशिवाय एकही कागद खिडकीबाहेर जात नसे. शैलजाबाईंनी याच कारणावरून दोन माणसांना मेमो दिलेले होते.

तासाभराने केतकीचा फोन आला.

“आई.”

“ऐकलंस?”

“चार वेळा.” नाक ओढल्याचा आवाज. “हे त्यांनी मला का नाही पाठवलं गं? एवढं बोलले, आणि शेवटचं बटण दाबायला काय झालं होतं?”

“स्वभाव.”

“स्वभाव कसला, हट्ट.” पण हे म्हणताना ती हसली, रडता रडता. “आई, मी येते. तिथेच. बाळंतपणाला.”

केतकीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून शैलजाबाईंनी तीन वेळा शब्द टाकला होता. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, त्या घरात नाही.

“रविवारी तन्मय सोडेल. मी माफ केलं त्यांना, आई. मघाशी मोठ्याने बोलून टाकलं. खुळ्यासारखं, भिंतीकडे बघून.”

त्या दिवशी शैलजाबाईंनी कपाटावरचा बाळंतविड्याचा डबा खाली काढला, धुतला आणि उन्हात ठेवला. शेजारच्या दोन घरांना सांगितलं. तिसऱ्या घरी मुद्दाम उशिरा सांगितलं, कारण त्यांच्या सुनेने गेल्या वर्षी पेढे उशिरा दिले होते.

बुधवारी दुपारी त्यांनी निरोप पुन्हा लावला, आता निवांतपणे, भाजी निवडता निवडता. आठव्या मिनिटाला मागून, स्वयंपाकघराच्या दिशेने, त्यांचा स्वतःचाच आवाज आला.

“कोणाशी बोलताय हो?”

“केतकीशी,” अच्युतराव म्हणाले आणि पुढे बोलू लागले.

शैलजाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

तो रविवार त्यांना पक्का आठवत होता. अच्युतराव गेले त्याच्या आधीचा रविवार. शेवटच्या आठवड्यातलं नवऱ्याचं बोलणं बाईला असं तोंडपाठ असतं की कुठलाही डबा त्याच्यापुढे कच्चा. त्या पोळ्या लाटत होत्या. त्यांनी विचारलं होतं, कोणाशी बोलताय हो. आणि ते म्हणाले होते, कोणाशी नाही.

त्यांनी तेवढा भाग सहा वेळा ऐकला. मग सगळा निरोप पहिल्यापासून, डोळे मिटून. आणि आता त्यांना दुसरं काहीतरी ऐकू यायला लागलं. ‘माझ्या हाताने मी पोरीला एकटं पाडलं.’ अच्युतरावांनी मुलीला जन्मात कधी पोरगी म्हटलं नव्हतं. ते केतकीच म्हणत. पोरगी म्हणत त्या स्वतः. ‘तुमच्या हाताने तुम्ही पोरीला एकटं पाडलंत,’ हे वाक्य चार वर्षं या घरात जेवताना, कपडे वाळत घालताना, टीव्ही बंद करताना कोणी म्हटलं होतं? ‘दोन वर्षांना घाबरलात’ कोणी म्हटलं होतं? गेलेला माणूस बायकोची वाक्यं आपल्या आवाजात बोलत होता. त्यांनी डब्याचा आवाज बंद केला. घर इतकं शांत झालं की पुन्हा थोडा वाढवावासा वाटला.

रुजवात एकट्याने घ्यायची नसते. त्यांनी शमा नदाफला बोलावलं.

शमा त्यांच्या हाताखाली सव्वीस वर्षं होती. मूळ वाचायला तिच्यासारखा आवाज अख्ख्या न्यायालयात नव्हता. खुनाचा निकाल असो की बांधाच्या भांडणाचा, ती दोन्ही एकाच चालीत वाचायची.

“काय मॅडम, निवृत्तीनंतरही ओव्हरटाइम?” ती चपला काढता काढता म्हणाली. “चहा आधी की कागद आधी?”

“कागद.”

“मग प्रकरण गंभीर आहे.”

दुरुस्तीच्या पाटीतच तळाशी ‘अहवाल’ नावाची जागा होती. तिथे प्रत्येक फाइलचा मूळ अवशेष आणि भरलेला मजकूर समोरासमोर ठेवलेला होता. पहिले सहा दिवस कुणीही जाऊन पाहावं, सातव्या दिवशी पुसलं जाणार. शमाने चष्मा वर ढकलला आणि वाचायला घेतलं.

“निरोप क्रमांक चौऱ्याऐंशी. एकूण लांबी अकरा मिनिटं. मूळ आवाज… नऊ सेकंद.” ती थांबली. “मॅडम, नऊच.”

“पुढे वाच.”

“भरलेला आवाज दहा मिनिटं एक्कावन्न सेकंद. भरण्याचं कारण, मजकूर आढळला नाही.” तिने खाली सरकवलं. “हानी झालेले तुकडे… शून्य.”

“शून्य कसे असतील? जळालाय ना डबा?”

“इथे शून्य लिहिलंय. ही फाइल जळालेलीच नाही.”

दोघींनी तो अहवाल चहा विसरून तासभर चाळला, तेव्हा कुठे उलगडलं. डबा जागा वाचवण्यासाठी शांतता साठवत नसे. कुणी बोललं नाही की तो नुसती खूण करून ठेवी: इथून इथपर्यंत शांत. या सगळ्या खुणांची एक वेगळी यादी असे. डीपी उडाली तेव्हा ती यादी गेली. निरोप धडधाकट होते, पण दुरुस्तीने पाहिलं तर काय, अकरा मिनिटांची फाइल आणि आत काहीच नाही. माणूस अकरा मिनिटं यंत्र चालू करून गप्प बसेल ही शक्यता त्याच्या हिशेबात नव्हती. त्याने धरलं की बोलणं हरवलंय, आणि निरोप केतकीच्या नावाचा म्हणून घरात केतकीबद्दल जे जे बोललं गेलं होतं त्यातून ते विणून दिलं. राहिलेल्या नऊ सेकंदांतले दोन शब्द या नव्या बोलण्याशी जुळेनात, तेव्हा त्याने तेही चुकीचे ठरवून दुरुस्त केले.

“मूळ लाव,” शैलजाबाई म्हणाल्या.

शमाने मूळ लावलं. खुर्ची करकरली. मग काही नाही. एकदा घसा साफ केल्याचा आवाज. पुन्हा काही नाही. आठव्या मिनिटाला अच्युतराव म्हणाले, “केतकी.”

आणि लगेच, पोळपाटाच्या आवाजासोबत, “कोणाशी बोलताय हो?”

“कोणाशी नाही.”

त्यानंतर तीन मिनिटं खुर्चीही वाजली नाही.

शमाने यंत्र थांबवलं आणि कप उचलून मोरीत ठेवायला गेली. बऱ्याच वेळाने आली. “बाकीचे त्र्याऐंशी?”

“त्यांत मूळ आवाज किती ते वाच.”

तिने वाचलं. चार सेकंद. दोन. शून्य. शून्य. सहा. त्या चालीत, निकाल वाचावा तशी. सगळे रविवारचे, सगळे अकराच्या आसपास मिनिटांचे, पोळ्यांच्या वेळचे, म्हणजे शैलजाबाई आत असण्याच्या वेळचे.

“मॅडम, एक बोलू?” शमा म्हणाली. “राहू द्या.”

“काय राहू दे?”

“आहे ते. सोमवारी सातवा दिवस. आपोआप कायम होईल. तुम्ही काही करायचंच नाही. पोरगी येतेय, नातवंड येतंय. डबा खोटं बोलला, तुम्ही कुठे बोललात?”

“मी पाठवलं.”

“न कळता.”

“आता कळलंय.”

“तुमचं हे असंच.” शमा चिडली. “बाई, तिला जे हवं होतं ते मिळालं. तिने माफ केलं. आता तिला काय सांगणार, तुझा बाप चौकशीतही गप्प बसला आणि घरीही गप्प बसला? कुठल्या तोंडाने सांगणार? आणि तो एकदा तोंड उघडत होता, तर…” तिने वाक्य सोडून दिलं.

“तर मी मध्ये बोलले. पूर्ण कर ना. सव्वीस वर्षांत तू ओळ सोडली नव्हतीस.”

शमा निघाली तेव्हा दारात म्हणाली, “मी असते तर सांगितलं नसतं.”

“म्हणून तुला विभागप्रमुख केलं नाही,” शैलजाबाई म्हणाल्या. दोघी हसल्या, आणि दोघींनाही ते हसू पुरलं नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शैलजाबाईंनी खोली झाडली, पलंग खिडकीजवळ सरकवला, डिंक आणला. भरलेला निरोप त्यांनी परत लावला नाही असं म्हणावं तर ते खरं नाही. शुक्रवारी दुपारी लावला. फक्त आवाजासाठी. आपलीच वाक्यं होती, पण नवऱ्याने एकदा कबूल केल्यासारखी ऐकायला मिळाली, आणि ती गोष्ट इतकी गोड लागली की त्या स्वतःलाच घाबरल्या. हे पोरीला आयुष्यभर मिळणार आणि त्याबदल्यात पोर आपल्याला मिळणार. कुणीही हा सौदा केला असता. चौऱ्याऐंशी रविवार मात्र पुसले जाणार होते. एक माणूस चौऱ्याऐंशी वेळा खुर्चीत येऊन बसला होता, हे या जगात दुसरं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रविवारी साडेदहाला केतकी आली. तन्मयने पिशव्या दारात ठेवल्या आणि गाडी सावलीत लावायला गेला. केतकीने आईला मिठी मारली, पोट मध्ये येत होतं म्हणून तिरकी उभी राहून. मग चहाही न घेता खुर्चीकडे गेली.

“इथेच बसून बोलले ना? इथे बसून ऐकायचंय मला. लाव ना गं.”

“केतकी, आधी एक ऐक.”

“नंतर. आधी बाबा.”

शैलजाबाईंनी मूळ लावलं.

एक मिनिट झालं. केतकीने आईकडे पाहिलं. “अडकलंय का?”

“नाही.”

“मग?”

“मी तुला पाठवलं ते डब्याने बनवलेलं होतं. हे त्यांचं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, डीपीपासून, खाली बघत, भराभर. मागे निरोप चालूच होता. केतकीचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

“म्हणजे ते रजिस्टरचं…”

“माझी वाक्यं होती. मी त्यांना म्हणायचे ती.”

“आणि हे? हे बाबा?” तिने डब्याकडे हात केला. “हे तर मी पाहिलंय. समितीपुढे असेच बसले होते. तेव्हा मी समोर उभी होते, इथे तर मी नव्हतेही. तरी नाही?”

तेवढ्यात आठवं मिनिट आलं. “केतकी,” डबा म्हणाला. केतकी दचकली. मग पोळपाट, मग आईचा प्रश्न, मग ते दोन शब्द. तिने हळूहळू मान वळवून आईकडे पाहिलं. त्या नजरेची तयारी शैलजाबाई चार दिवस करत होत्या. तयारी पुरली नाही.

“तू विचारलंस,” केतकी म्हणाली.

“हो.”

“आणि हे मला तू स्वतःहून ऐकवतेयस. उद्या पुसलं गेलं असतं.”

“हो.”

तन्मय दारात आला, दोघींकडे बघितलं आणि शहाणा असल्यामुळे पुन्हा गाडीकडे गेला. निरोपातली शेवटची तीन मिनिटं संपायला फार वेळ लागला.

“मी माफ केलं होतं ना,” केतकी म्हणाली, “ते परत घेते. जो बोललाच नाही त्याला केलं होतं.”

“घे.”

“रडू नकोस. मला राग आलाय, मला रागावू दे.” ती उठली, पिशव्यांपर्यंत गेली, एका पिशवीचा बंद हातात धरला. धरून उभी राहिली.

केतकी परत आली आणि खुर्चीत बसली, जड, दोन्ही हात पोटाखाली घेऊन.

“एकूण किती आहेत म्हणालीस?”

“चौऱ्याऐंशी.”

“सगळ्यांत असंच?”

“मी सगळे ऐकले नाहीत. मला धीर नाही झाला.”

“पहिला लाव. पहिल्या रविवारी काय बोलले नाहीत ते ऐकू दे.” तिने डोळे मिटले. “आणि रोज एकच लावायचा. एकापेक्षा जास्त मला सहन होणार नाही.”

शैलजाबाईंनी अहवालात जाऊन ‘मूळ कायम ठेवा’ दाबलं आणि पहिला रविवार लावला. खुर्ची करकरली. उभ्या उभ्या त्यांनी मनात मोजलं: डॉक्टरांनी दिलेली तारीख एकाहत्तर दिवसांवर होती. रोज एक म्हटलं तरी बारा-तेरा बाळ झाल्यावर उरत होते. हे त्यांनी केतकीला बोलून दाखवलं नाही.